गोल्ड ग्लोव्ह योग्य माणसाला मिळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला आणि मेजर लीगचे गोल्ड ग्लोव्ह जाहीर झाले, की दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या, मुलांमुळे बेसबॉलच्या नादी लागलेल्या आईबाबांचे असतात, काही इथे पहाटे उठून वर्ल्ड सीरीज बघणाऱ्यांचे. सगळ्यांच्या मुळाशी शंका एकच: हा पुरस्कार उत्तम क्षेत्ररक्षकाला मिळतो की नावाजलेल्या खेळाडूला? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. गोल्ड ग्लोव्ह म्हणजे नेमकं काय? तो कोण देतं?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा हा सर्वांत जुना आणि सर्वांत मानाचा पुरस्कार. बेसबॉलचे ग्लोव्ह बनवणारी रॉलिंग्ज ही कंपनी तो देते. सुरुवात १९५७ साली झाली. त्या वर्षी दोन्ही लीग मिळून प्रत्येक जागेसाठी एक, असे फक्त नऊ खेळाडू निवडले गेले. १९५८ पासून अमेरिकन लीग आणि नॅशनल लीगचे पुरस्कार वेगळे झाले. २०२२ पासून नऊ जागांच्या जोडीला ‘युटिलिटी’ हा दहावा पुरस्कार आला. वेगवेगळ्या जागी खेळून संघाची गरज भागवणाऱ्या खेळाडूला तो मिळतो. म्हणजे आता दरवर्षी दोन्ही लीग मिळून वीस.

२. मतं कोण देतं? प्रेक्षक की पत्रकार?

दोघंही नाहीत. पहिल्या वर्षी निवड क्रीडापत्रकारांनी केली, मग काही वर्षं खेळाडूंनी. १९६५ पासून मत संघांच्या मॅनेजर आणि कोच मंडळींकडे आहे. अटी दोन: स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत द्यायचं नाही, आणि आपल्याच लीगमधल्या खेळाडूंना द्यायचं. २०१३ पासून या मतांच्या जोडीला आकडेवारीही धरली जाते. त्याचा तपशील प्रश्न १० मध्ये आहे. प्रेक्षकांचं मत ज्यात चालतं तो प्लॅटिनम ग्लोव्ह, तो प्रश्न १६ मध्ये.

३. कोच लोक आयुष्यभर मैदानावर असतात. त्यांच्यापेक्षा लॅपटॉपवाल्यांना जास्त कळतं का?

खेळ कोचांना जास्त कळतो, यात शंका नाही. अडचण त्यांच्या समजेची नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर येतं किती, हा मुद्दा आहे.

हंगामात एक संघ १६२ सामने खेळतो. आपल्याच लीगमधल्या, पण दुसऱ्या डिव्हिजनमधल्या संघाशी त्याची गाठ पडते सहा-सात सामन्यांपुरती. एका सामन्यात शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे) चार-पाच चेंडू येतात आणि त्यातले बहुतेक सरळसोट असतात. कसोटी बघणारा चेंडू एखादाच. म्हणजे सिएटलच्या कोचाने बाल्टिमोरच्या शॉर्टस्टॉपबद्दल वर्षभरात बनवलेलं मत मूठभर चेंडूंवर उभं असतं. त्यातही त्या वेळी कोचाचं लक्ष बहुधा आपल्या फलंदाजाकडे किंवा पुढच्या पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) असतं. उरलेली जागा कीर्ती भरून काढते: टीव्हीवर दाखवलेली झेप, मागच्या वर्षीचा पुरस्कार, हॉटेलच्या लॉबीत ऐकलेलं कौतुक.

त्यात मतपत्रिका हाती पडतात हंगामाच्या शेवटी शेवटी. प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची) धावपळ चालू असताना शॉर्टस्टॉपच्या रकान्यावर कोण किती वेळ विचार करत बसणार?

४. सर्वांत कमी एरर करणारा तोच उत्तम क्षेत्ररक्षक, इतकं सोपं नाही का?

या पानावर एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

एरर कधी नोंदवली जाते? सामान्य प्रयत्नात जमायला हवं होतं ते खेळाडूने घालवलं, असं अधिकृत स्कोअररला वाटलं तर. म्हणजे आधी खेळाडू चेंडूपर्यंत पोचायला हवा. जो पोचलाच नाही त्याच्या नावावर एरर लागत नाही. चेंडू दोन हातांवरून निघून गेला की फलंदाजाला हिट मिळते आणि क्षेत्ररक्षकाची पाटी कोरी राहते.

उदाहरणासाठी दोन शॉर्टस्टॉप घ्या. दोघांच्या परिसरात सारखेच चेंडू आले असं धरू. पहिला ५०० चेंडूंपर्यंत पोचला, २० वेळा चुकला, ४८० आउट केले. दुसरा ४३० पर्यंतच पोचला, ८ वेळा चुकला, ४२२ आउट केले. फील्डिंग पर्सेंटेज, म्हणजे हाती आलेल्यांपैकी न चुकता हाताळलेल्या चेंडूंचं प्रमाण, काढलं तर पहिल्याचं .९६० आणि दुसऱ्याचं .९८१. कागदावर दुसरा सरस. प्रत्यक्षात पहिल्याने ५८ आउट जास्त दिले, आणि दुसऱ्याच्या हद्दीतून तेवढ्याच हिट निसटल्या.

अनेक दशकं मतदारांच्या हाताशी आकडा होता तो फक्त हाच. त्यामुळे गोल्ड ग्लोव्हच्या फसलेल्या निवडी उलटसुलट विखुरलेल्या दिसत नाहीत. त्या एकाच बाजूला झुकतात: पोच कमी पण हात पक्के, शिवाय नाव मोठं किंवा बॅट जोरात, अशा खेळाडूच्या बाजूला. चूक दोन्ही बाजूंना सारखी होत असती तर मी तिला नशीब म्हटलं असतं.

५. माझा मुलगा लिटल लीगमध्ये शॉर्टस्टॉप खेळतो. एरर लागेल म्हणून लांबच्या चेंडूकडे धावतच नाही. काय सांगावं?

वरचं उदाहरण त्याला कागदावर काढून दाखवा आणि सामन्यानंतर “आज किती एरर?” हा प्रश्न घरात विचारायचं थांबवा. “किती चेंडूंना हात लागला?” हे विचारा. कोचना शक्य असेल तर मुलांच्या नोंदवहीत न पोचलेल्या चेंडूंचाही रकाना ठेवायला सांगा. या वयात पोच वाढते, हात नंतरही पक्के होतात.

६. डेरेक जेटरचं एवढं काय? पाच गोल्ड ग्लोव्ह मिळवलेल्या माणसाला लोक वाईट क्षेत्ररक्षक कसं म्हणतात?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि सर्वांत रागाने विचारलेलाही.

न्यूयॉर्क यँकीजचा शॉर्टस्टॉप जेटर याला २००४, २००५, २००६, २००९ आणि २०१० असे पाच गोल्ड ग्लोव्ह मिळाले. आधुनिक आकडेवारीत मात्र (प्रश्न ९) त्याची कारकीर्द शंभराहून अधिक धावांनी उणे भरते. म्हणजे सरासरी दर्जाचा शॉर्टस्टॉप त्या जागी असता तर यँकीजनी तेवढ्या धावा वाचवल्या असत्या. त्याच्या डाव्या हाताला, दुसऱ्या बेसच्या अंगाने, जाणारे चेंडू त्याच्या आवाक्यात फारसे येत नसत.

मग पुरस्कार का मिळाले? कारण जे डोळ्यांना दिसतं ते तो अप्रतिम करायचा. १ जुलै २००४ ला बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध चेंडू पकडून तो वेगात प्रेक्षकांत जाऊन कोसळला आणि चेहरा रक्तबंबाळ करून बाहेर आला. २००१ च्या प्लेऑफमध्ये ओकलंडविरुद्ध, शॉर्टस्टॉपने जिथे असण्याचं काही कारण नाही अशा ठिकाणी धावत जाऊन त्याने चेंडू होम प्लेटकडे सरकवला होता. उजवीकडे धावत हवेत उडी मारून केलेली थ्रो तर त्याची सहीच. डोक्याने तो विलक्षण शहाणा खेळाडू होता आणि हातात आलेला चेंडू सहसा सोडायचा नाही. उणीव होती ती फक्त पोचण्याची, आणि न पोचणं कुठल्याही क्षणचित्रांत दाखवत नाहीत.

२००४ ची गोष्ट तर कपाळाला हात लावण्यासारखी आहे. त्याआधीची दोन वर्षं, २००२ आणि २००३, अमेरिकन लीगचा शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लोव्ह अलेक्स रॉड्रिगेझकडे होता. २००४ मध्ये तो यँकीजमध्ये आला आणि जेटरची जागा अढळ असल्यामुळे तिसऱ्या बेसवर गेला. गोल्ड ग्लोव्ह विजेता शॉर्टस्टॉप बाजूला सरकला आणि त्याच वर्षी शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लोव्ह जेटरला मिळाला.

जेटरच्या बाजूनेही एक सांगायला हवं. २००९ मध्ये त्याचे आकडे खरोखर सुधारले होते, त्या वर्षाच्या पुरस्काराला हसण्याचं कारण नाही. पण २०१० मध्ये त्याने फक्त ६ एरर केल्या, .९८९ हे लीगमधल्या शॉर्टस्टॉपमधलं सर्वोत्तम पर्सेंटेज मिळवलं आणि पुरस्कार जिंकला. शिकागो व्हाइट सॉक्सच्या अलेक्सेई रामिरेझने त्या वर्षी एरर जास्त केल्या, पण तो जेटरपेक्षा कितीतरी जास्त चेंडूंपर्यंत पोचला. प्रश्न ४ मधले दोन शॉर्टस्टॉप ते हेच. रामिरेझला पुढेही कधी गोल्ड ग्लोव्ह मिळाला नाही.

७. ज्याने क्षेत्ररक्षणच केलं नाही अशालाही एकदा मिळाला होता म्हणे. खरं का?

जवळजवळ खरं. १९९९ मध्ये टेक्सास रेंजर्सचा रफाएल पाल्मेरो फर्स्ट बेसवर फक्त २८ सामने खेळला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो १२८ सामन्यांत डेझिग्नेटेड हिटर होता, म्हणजे फक्त फलंदाजी करून बाकावर बसायचं. तरी अमेरिकन लीगचा फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लोव्ह त्यालाच मिळाला.

आधीची दोन वर्षं, १९९७ आणि १९९८, तोच विजेता होता. शिवाय त्या हंगामात त्याने ४७ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे, थेट कुंपणापार) मारले. मतपत्रिकेवर फर्स्ट बेसच्या रकान्याशी हात गेला आणि सवयीने तेच नाव लिहिलं गेलं. कोणीही लबाडी केली नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण बोलकं आहे: शेकडो सामने पाहणारी माणसं, आणि तो मैदानावर नव्हता हे पुरेशा लोकांच्या लक्षातही आलं नाही. आजच्या नियमात हे घडू शकत नाही, पाहा प्रश्न १४.

८. म्हणजे फलंदाजी चांगली असेल तरच क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार?

असा सरसकट नियम काढू नका. बाल्टिमोरचा शॉर्टस्टॉप मार्क बेलँजर याची कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी .२२८, म्हणजे अगदीच बेताची. तरी त्याला आठ गोल्ड ग्लोव्ह मिळाले, आणि तो त्याला साजेसाच होता. शॉर्टस्टॉप ओझी स्मिथने १९८० ते १९९२ लागोपाठ तेरा जिंकले. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या बॅटला कोणी घाबरत नव्हतं. ब्रूक्स रॉबिन्सनचे तिसऱ्या बेसवरचे लागोपाठ सोळा (१९६० ते १९७५) तर आजच्या पद्धतीने जुन्या नोंदी तपासल्या तरी पटतात. जिथे फरक डोळ्यात भरण्याइतका मोठा होता, तिथे कोचांनी बरोबर ओळखलं.

बॅट वरचढ ठरते ती चुरशीच्या वेळी. चार-पाच जण सारखेच चांगले असले की मत देणाऱ्याला आठवतो तो होमरन मारणारा. फर्स्ट बेस आणि आउटफिल्ड (बेसच्या पलीकडचं, कुंपणापर्यंतचं मैदान) या जागांवर हे जास्त जाणवतं, कारण तिथे मुळात फलंदाजीसाठीच खेळाडू निवडले जातात.

९. डीआरएस, यूझेडआर, ओएए ही काय भानगड आहे?

आधी एक खुलासा: इथल्या डीआरएसचा क्रिकेटमधल्या डीआरएसशी काही संबंध नाही. हा ‘डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड’, यूझेडआर म्हणजे ‘अल्टिमेट झोन रेटिंग’ आणि ओएए म्हणजे ‘आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज’.

तिघांमागचा विचार एकच. चेंडू कुठे गेला, किती वेगाने गेला, आणि तशा चेंडूवर इतर क्षेत्ररक्षक किती वेळा आउट करतात? दहातल्या नऊ वेळा होणारा आउट केला तर श्रेय थोडं, दहातून एकदाच होणारा केला तर भरपूर. सोपा सोडला तर मोठा दंड. सगळी बेरीज-वजाबाकी करून खेळाडूने सरासरीपेक्षा किती धावा (ओएएमध्ये किती आउट) वाचवल्या किंवा घालवल्या, हे निघतं. न पोचलेला चेंडू इथे हिशेबात येतो आणि प्रश्न ४ मधली पळवाट बंद होते.

डीआरएस आणि यूझेडआर यांचा पाया म्हणजे माणसांनी चित्रफिती पाहून केलेल्या नोंदी. ओएए नवा. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर बसवलेल्या स्टॅटकास्ट यंत्रणेने चेंडू आणि खेळाडू दोघांचं मोजमाप सुरू केलं, त्यातून तो निघाला. खेळाडू कुठून निघाला, किती अंतर कापायचं होतं, हाताशी वेळ किती होता, हे सगळं त्यात येतं. आधी तो फक्त आउटफिल्डसाठी होता, २०२० पासून इनफिल्डसाठीही मिळू लागला.

१०. २०१३ नंतर नेमका काय फरक पडला?

बेसबॉलच्या संशोधकांची ‘सेबर’ ही संस्था रॉलिंग्जबरोबर आली आणि तिचा क्षेत्ररक्षण निर्देशांक, एसडीआय, निकालात धरला जाऊ लागला. कोच मंडळींची मतं ७५ टक्के, एसडीआय २५ टक्के. हा निर्देशांक एकाच सूत्रावर अवलंबून नाही, अनेक मोजमापांचं मिश्रण आहे.

पंचवीस टक्के ऐकायला कमी वाटतात. पण कोचांची मतं दोन-तीन जणांत वाटली गेली की तेवढ्यानेच पारडं फिरतं. माझ्या मते त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे: मतपत्रिका भरणाऱ्यांच्या हाताशी आकडे आले, आणि अव्वाच्या सव्वा चूक केली तर ती लगेच दिसेल हे त्यांना कळलं. त्याच वर्षी अटलांटाचा अँड्रेल्टन सिमन्स जिंकला. त्याच्या नावावर तेव्हा डीआरएसमध्ये अधिक ४१ धावा होत्या. २०१५ मध्ये टँपा बेचा केव्हिन किरमायर अधिक ४२ वर होता, तोही जिंकला. डोळे आणि आकडे एकाच माणसाकडे बोट दाखवतात, अशी वर्षं आता जास्त आहेत. वाद उरतात ते पहिल्या-दुसऱ्यातल्या थोड्या फरकाचे. पाल्मेरोच्या तोडीचा प्रकार त्यानंतर एकही झालेला नाही.

११. मग शंभर टक्के आकड्यांवरच का देत नाहीत?

एकदा दिले. २०२० चा कोविडमुळे साठ सामन्यांचा हंगाम. प्रवास टाळण्यासाठी संघ आपापल्या भौगोलिक विभागातच खेळले, त्यामुळे पूर्वेकडच्या कोचांनी पश्चिमेकडचे खेळाडू पाहिलेच नव्हते. मतदान रद्द झालं आणि निकाल केवळ एसडीआयवर लागला.

कीर्ती बाजूला ठेवली की काय होतं ते त्या यादीत दिसलं. सिएटलचा नवखा फर्स्ट बेसमन इव्हान व्हाइट .१७६ च्या सरासरीने फलंदाजी करून जिंकला. कोचांच्या मतदानात त्याला कुणी विचारलं असतं का, मला शंका आहे. त्याच वेळी नोलन अरेनाडो, मूकी बेट्स, अलेक्स गॉर्डन हे जुनेजाणतेही टिकले, म्हणजे त्यांची कीर्ती पोकळ नव्हती.

पण कायमचं असं करू नये, असं मला वाटतं. कारण पुढच्या उत्तरात.

१२. हे आकडे तरी कितपत खरे मानायचे?

एका हंगामापुरते: सावधपणे. क्षेत्ररक्षणाच्या आकड्यांवर विसंबायला तीनेक हंगामांची नोंद हवी, असं ते तयार करणारेच सांगतात. एका वर्षात अवघड चेंडू येतात थोडे आणि त्यांतले चार-दोन इकडचे तिकडे झाले तरी क्रमवारी हलते.

मैदानांचाही गोंधळ आहे. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये लेफ्ट फील्डला ३७ फुटांची भिंत आहे. इतर मैदानांवर झेल ठरेल असा चेंडू तिथे भिंतीवर आदळतो. हे नीट वजा केलं नाही तर लेफ्ट फील्डर फुकट बदनाम होतो. दुसरी अडचण जागा घेण्याची. कुठे उभं राहायचं हे हल्ली संघाचे विश्लेषक ठरवतात. मग योग्य जागी उभं राहून सहज झालेल्या आउटचं श्रेय कोणाचं? डीआरएस आणि ओएए या दोघांची एकाच खेळाडूबद्दल वेगळी मतं दिसली, तर बऱ्याचदा कारण असलंच काहीतरी असतं.

म्हणूनच मिश्रण बरं. फक्त त्यातला आकड्यांचा वाटा निम्म्यापर्यंत न्यायला माझी हरकत नाही.

१३. ज्यांना मिळायला हवा होता आणि कधीच मिळाला नाही, असे कोण?

माझ्या यादीत पहिला चेस अटली. फिलाडेल्फियाचा सेकंड बेसमन. डीआरएसमध्ये कारकिर्दीत शंभराच्या वर अधिक, आणि गोल्ड ग्लोव्ह शून्य. त्याची थ्रो देखणी नव्हती, झेपही नेत्रदीपक नव्हती. तो चेंडू यायच्या आधी तिथे पोचलेला असे, आणि आधी पोचलेल्या माणसाला झेपावं लागत नाही. २००७ ते २०१० या काळात ऑर्लँडो हडसन आणि ब्रँडन फिलिप्स जिंकत राहिले. दोघंही चांगले आणि दोघंही बघायला जास्त मजेदार. जेटर आणि अटलीचे आकडे शेजारी ठेवले की पुरस्काराचा सगळा आजार कळतो.

दुसरा ह्यूस्टनचा शॉर्टस्टॉप अ‍ॅडम एव्हरेट. बॅट अगदी लंगडी, क्षेत्ररक्षण त्याच्या काळातलं अव्वल. त्यालाही एकही नाही.

आणि माइक ट्राउट. २०१२ मध्ये, पहिल्याच पूर्ण हंगामात, भिंतीवरून होमरन परत आणणाऱ्या झेलांनी त्याने अमेरिका वेडी केली. सेंटर फील्डचा पुरस्कार मात्र बाल्टिमोरच्या अ‍ॅडम जोन्सला गेला. इथे दिसणारे झेलही ट्राउटचे, आकडेही ट्राउटचे. आड आलं ते बहुधा नवखेपण.

उशिरा मिळालेलेही आहेत. लोरेन्झो केन अनेक वर्षं अव्वल आउटफिल्डर होता, त्याला पहिला गोल्ड ग्लोव्ह मिळाला २०१९ मध्ये.

१४. किमान किती खेळावं लागतं? दुखापत झाली तर?

इनफिल्डर आणि आउटफिल्डरसाठी संघाच्या पहिल्या १३८ सामन्यांत किमान ६९८ इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ) क्षेत्ररक्षण लागतं. पिचरला त्याच मुदतीत १३८ इनिंग पिचिंग, आणि कॅचरला (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याला) संघाच्या निम्म्या सामन्यांत कॅचिंग. या अटीमुळे प्रश्न ७ मधला प्रकार बंद झाला.

तोटा असा, की तीन महिने दुखापतीने बाहेर बसलेला उत्तम क्षेत्ररक्षक बाद होतो. मला ही अट योग्य वाटते. मैदानावर असणं हाही कौशल्याचा भाग आहे.

१५. पिचर आणि कॅचरचं काय? त्यांचं क्षेत्ररक्षण मोजता येतं का?

पिचरचं फारसं नाही. त्याच्याकडे चेंडूच इतके कमी येतात की आकड्यांना अर्थ उरत नाही आणि कीर्तीचं राज्य चालतं. ग्रेग मॅडक्सचे १८ गोल्ड ग्लोव्ह हा कुठल्याही जागेवरचा विक्रम. तो खरोखर मांजरासारखा चपळ होता, पण शेवटचा २००८ मध्ये मिळाला तेव्हा वय होतं ४२. जिम कॅटने १९६२ ते १९७७ लागोपाठ सोळा जिंकले. त्यातल्या १९६९ मध्ये त्याने ८ एरर केल्या होत्या. पिचरसाठी हा आकडा भयंकर आहे. तरी मिळाला. एकदा गादीवर बसलं की उठवणं कठीण.

कॅचरची कथा उलटी. त्याचं मोठं काम डोळ्यांना दिसतच नाही: काठावरचा चेंडू अलगद ओढून घेऊन अंपायरकडून स्ट्राइक (पिचरच्या बाजूचा कौल) मिळवणं, म्हणजे फ्रेमिंग. पिचचा माग काढणारे कॅमेरे आल्यावर कळलं, की यातून हंगामात कितीतरी धावा वाचतात. मिलवॉकीचा जोनाथन लुक्रॉय या कलेत अव्वल मानला गेला, पण गोल्ड ग्लोव्ह त्याला एकदाही नाही. त्याच्या काळात नॅशनल लीगमध्ये याडिएर मोलिना होता, आणि त्याच्या नऊ गोल्ड ग्लोव्हवर मी तरी बोट ठेवणार नाही. २०२६ पासून मेजर लीगमध्ये यंत्राकडे दाद मागून स्ट्राइकचा निर्णय बदलता येतो, त्यामुळे फ्रेमिंगचं मोल पुन्हा मोजावं लागेल.

१६. प्लॅटिनम ग्लोव्ह आणि फील्डिंग बायबल पुरस्कार वेगळे कसे?

प्लॅटिनम ग्लोव्ह २०११ पासून आहे. त्या वर्षीच्या गोल्ड ग्लोव्ह विजेत्यांतून प्रत्येक लीगचा एकच निवडतात, त्यात प्रेक्षकांची मतं आणि सेबरचा निर्देशांक दोन्ही. नॅशनल लीगचा हा पुरस्कार अरेनाडोने २०१७ ते २०२२ लागोपाठ सहा वेळा घेतला.

फील्डिंग बायबल २००६ पासून आहे. इथे जाणकारांचं छोटं मंडळ ठरवतं आणि दोन्ही लीग मिळून प्रत्येक जागेसाठी एकच विजेता असतो. कीर्तीचा वारा त्याला कमी लागतो. जेटरला तो कधीच मिळाला नाही.

१७. आउटफिल्डचे तीन पुरस्कार पूर्वी कसे देत?

१९६१ ते २०१० ‘कोणतेही तीन आउटफिल्डर’ अशी पद्धत होती, लेफ्ट-सेंटर-राइट असा भेद नव्हता. सेंटर फील्डर सगळ्यांत चपळ, त्यामुळे तिन्ही पुरस्कार सेंटर फील्डरांना जाणंही शक्य होतं. त्यात कोपऱ्यातले मागे पडले. सगळेच नाही: लेफ्ट फील्डर बॅरी बाँड्सने आठ, कार्ल यस्त्रेम्स्कीने सात मिळवले. २०११ पासून तिन्ही जागा वेगळ्या झाल्या.

१८. मतं सारखी पडली तर?

दोघांनाही देतात. २००७ मध्ये नॅशनल लीगमध्ये जेफ फ्रँकूर आणि एरन रोवँड यांची बरोबरी झाली आणि आउटफिल्डचे गोल्ड ग्लोव्ह तीनऐवजी चौघांना मिळाले.

१९. एकाच खेळाडूला वेगवेगळ्या जागांसाठी मिळू शकतो का?

हो, पण विरळा. प्लासिडो पोलांकोने सेकंड बेस (२००७, २००९) आणि थर्ड बेस (२०११) या दोन्ही जागांवर मिळवला. डॅरिन अर्स्टॅडने आउटफिल्डला (२०००, २००२) आणि फर्स्ट बेसला (२००४). युटिलिटी पुरस्कारामुळे भटक्या खेळाडूंची आता सोय झाली. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या किम हा-सॉन्गने तो जिंकला, गोल्ड ग्लोव्ह मिळवणारा तो पहिला कोरियन.

२०. जपान आणि कोरियातही गोल्डन ग्लोव्ह आहे. तोच का?

नाही, दोन्ही वेगळे. जपानचा १९७२ पासून आहे, तिथे पत्रकार मतं देतात. आउटफिल्डर इचिरो सुझुकीने तिकडे १९९४ ते २००० लागोपाठ सात जिंकले आणि अमेरिकेत आल्यावर २००१ ते २०१० लागोपाठ दहा. कोरियाच्या नावाने मात्र फसू नका. तिथला गोल्डन ग्लोव्ह त्या जागेवरच्या एकंदर सर्वोत्तम खेळाडूला देतात, फलंदाजी धरून. डेझिग्नेटेड हिटरलाही एक असतो! पाल्मेरो तिकडे असता तर कोणी हूं की चूं केलं नसतं.

२१. क्रिकेटमध्ये असा पुरस्कार का नाही?

भारतीय संघाने २०२३ च्या विश्वचषकात सामन्यागणिक ड्रेसिंग रूममध्ये क्षेत्ररक्षणाचं पदक द्यायला सुरुवात केली. पण वर्षाअखेरचा जागावार पुरस्कार नाही, कारण क्रिकेटमध्ये जागा दर षटकाला बदलतात. मोजायचं कसं हा प्रश्न मात्र तोच. मुंबईच्या एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. १९७१ ला ओव्हलवर व्यंकटराघवनच्या चेंडूवर अ‍ॅलन नॉटचा घेतलेला झेल जुने लोक आजही हाताने करून दाखवतात. त्यांतले किती चेंडू दुसऱ्याच्या हातून जमिनीवर पडले असते आणि कोणी ‘झेल सोडला’ असंही म्हटलं नसतं, याची नोंद कुठल्याच स्कोअरबुकात नाही.

२२. चुकीच्या माणसाला मिळाला तर बिघडतं काय? शेवटी एक ग्लोव्हच ना?

पैसे बिघडतात. अनेक करारांत गोल्ड ग्लोव्ह जिंकल्यास ठरावीक बोनस असतो. आणि इतिहास बिघडतो. हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या) चर्चेत ‘इतके गोल्ड ग्लोव्ह’ हे वाक्य हटकून येतं. जेटर तसाही गेलाच असता, २०२० मध्ये त्याला ३९७ पैकी ३९६ मतं मिळाली. फटका बसतो तो अटलीसारख्यांना, ज्यांची बाजू क्षेत्ररक्षणावरच भक्कम होते आणि ज्यांच्या नावापुढे त्या रकान्यात शून्य असतं. अर्थात निव्वळ ग्लोव्ह मोजूनही आत घेत नाहीत: फर्स्ट बेसवर अकरा जिंकणारा कीथ हर्नांडेझ अजून बाहेर आहे.

२३. यंदाच्या निकालावर वाद घालायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी खेळाडू प्रश्न १४ च्या अटीत बसतो का ते बघा, निम्मे वाद तिथेच मिटतात. मग डीआरएस आणि ओएए दोन्ही काढा. दोन्ही एकाच बाजूला असतील तर हाताशी मुद्दा आहे, विरुद्ध असतील तर आवाज खाली. मागची दोन वर्षंही पाहा. विजेता गेल्या वर्षीचाच असेल तर जास्त कसून तपासा. एरर आणि पर्सेंटेज शेवटी बघा, किंवा बघूच नका. एवढं करून फरक दोन-तीन धावांचा निघाला तर कोचांच्या मताला मान द्या. पंधरा-वीस धावांचा निघाला तर खुशाल भांडा.